विचर: आधी गेम, मग पुस्तकं, आणि भर दुपारची भुतं

टळटळीत
परवा रात्री विचर ३ हा गेम तिसऱ्यांदा संपवला (विचर म्हणजे पैसे घेऊन भुतं राक्षस मारणारा, त्यातला नायक गेराल्ट) आणि ह्या वेळी मधल्या काळात तो ज्यांच्यावर बेतलाय ती सगळी पोलिश पुस्तकं पण वाचून झाली होती, म्हणून म्हटलं आता धागा काढायचाच. माझं सगळं उलटं झालं, लोक आधी पुस्तक वाचतात मग गेम खेळतात, मी गेम आधी. २०१५ ला गेम आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो, रूममेटचा पीसी होता, तो झोपला की मी बसायचो ते कॉलेजच्या पहिल्या लेक्चरपर्यंत.

मला ह्या गेमने नेमकं कुठे पकडलं ते सांगतो. अगदी सुरुवातीला एक काम मिळतं. ओसाड वस्ती, तिथे एक विहीर, आणि विहिरीपाशी भर दुपारी दिसणारी बाई. तिला कुणीतरी मारून विहिरीत टाकलेलं असतं. एका माणसाची मुलगी आजारी आहे, तिला त्या विहिरीचं स्वच्छ पाणी हवंय पण तिथे जायची कुणाची छाती होत नाही. आपण आधी आसपास बघायचं, विहिरीत उतरायचं, तळाशी तिचं कडं सापडतं, ते जाळायचं, मग ती समोर येते.

आता आमचं गाव कणकवलीकडचं. आजी दुपारी बारा ते दोन आम्हा पोरांना विहिरीकडे फिरकू द्यायची नाही, अंगणात पण नाही. रात्रीची भुतं सगळ्या जगाला माहितीयेत पण दुपारचं भूत फक्त आपल्याकडेच असतं असं मला कायम वाटत होतं. आणि हा गेम पोलंडमधल्या लोकांनी बनवलेला, त्यात तंतोतंत तीच विहीर, तीच वेळ, तेच डोक्यावर आलेलं ऊन. मी रात्री दोनला हेडफोन काढून ठेवला आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुम्ही फॅन्टसी कादंबऱ्या आणि आरपीजी (म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) दोन्ही करत असाल तर आधी काय आणि जास्त आवडतं काय? आणि दोन, विचरला मराठीत काय म्हणाल?

विस्वाकाठ
मी पोलंडमध्ये क्राकोवला राहते, सहा वर्षं झाली, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. तुझ्या त्या विहिरीवरच्या बाईला इथे पोउद्नित्सा म्हणतात. पोउद्न्ये म्हणजे दुपार. कापणीच्या दिवसांत भर दुपारी शेतात राबणाऱ्याला ती गाठते, चक्कर येते, माणूस आडवा होतो. म्हणजे ऊन लागणं, दुसरं काय, पण उन्हाला बाईचं रूप दिलं की पोरं आपोआप घरात थांबतात. तुझ्या आजीचं पण तेच गणित असणार.

नावाबद्दल सांगते. मूळ शब्द 'व्येज्मिन'. चेटकिणीला पोलिशमध्ये 'व्येज्मा' म्हणतात, तिचं पुल्लिंग लेखकाने स्वतः घडवलं. आणि व्येज्मा येतो 'जाणणे' ह्या क्रियापदावरून, ज्याचं मूळ आणि आपल्या विद् धातूचं मूळ एकच आहे. म्हणजे वेद, विद्या आणि व्येज्मा एका घरातली भावंडं. मला हे कळलं त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

मराठीत सरळ करायचं तर चेटक्या. पण ऐकायला हलकं वाटतं ना?

रंकाळा०९
चेटक्या नको राव, पंचाक्षरी म्हणा. भूत उतरवणारा, पैसे घेणारा, गावात लागतो पण पंगतीला कुणी शेजारी बसवून घेत नाही. गेराल्टचं अगदी तेच आहे की, काम झालं की लोक थुंकतात.

टळटळीत
पंचाक्षरी भारी आहे. आमच्याकडे घाडी म्हणतात, पण घाड्याला मान असतो, गाऱ्हाणं तोच घालतो. विस्वाकाठ म्हणाली तसं मूळ अर्थ जाणणारा असेल तर मला 'जाणता' आवडेल, तसाही गावात जुनी माणसं म्हणतातच ना, जाणत्याला बोलवा. फक्त गेराल्ट मंत्र घालत नाही फारसे, तो आधी चौकशी करतो, कोण मेलं, का मेलं, कुणी मारलं. निम्म्या वेळा पिशाच्चापेक्षा गावातलाच कुणीतरी जास्त वाईट निघतो.

पानगळ
मी पुस्तकवाली. गेम अजिबात खेळलेले नाही, भाऊ खेळायचा ते मागून बघितलंय तेवढंच. पुस्तकं मात्र कर्जत लोकलमध्ये उभ्याने वाचून काढली, एकूण एक, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते.

विचरचा लेखक सापकोव्स्की मला सगळ्यात जास्त आवडतो तो छोट्या कथांमध्ये. पहिली कथा त्याने 'फान्तास्तिका' नावाच्या मासिकाच्या स्पर्धेला पाठवली होती, तिला तिसरा नंबर मिळाला आणि १९८६ मध्ये ती छापून आली! लेखक तोपर्यंत विक्रीच्या नोकरीत होता. 'द लास्ट विश' आणि 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' ह्या दोन संग्रहांत तो जुन्या परीकथा घेतो आणि त्यातलं गोडगोड सगळं खरवडून काढतो. हिमगौरीची गोष्ट घ्या, ती सात बुटक्यांकडे सुखाने राहत नाही, तिला रानात मारायला पाठवलेलं असतं, ती वाचते आणि तलवार घेऊन परत येते. ब्लाव्हिकेन गावच्या बाजारात गेराल्टला तिच्यात आणि एका जादूगारात निवड करायची असते आणि तो म्हणत असतो की मला निवडच करायची नाही. आणि तरी हात रक्ताने भरतातच. ती कथा वाचली तेव्हा माझं स्टेशन गेलं, बदलापूरला उतरायचं ते नेरळला उतरले.

नंतरच्या पाच कादंबऱ्या मात्र सगळ्यांना झेपतील असं नाही. मधे मधे दोनशे पानं नुसतं राजकारण, कोण कुठल्या राजाचा हेर, आणि 'टॉवर ऑफ द स्वॉलो' मध्ये तर काळ इतका पुढे मागे उड्या मारतो की मी वहीत नावं लिहून ठेवली होती. पण सिरी! त्या मुलीसाठी सगळं माफ. गेराल्ट आणि सिरी हे रक्ताचं नातं नाही, आणि तरी बाप लेकीचं इतकं खरं नातं मी फॅन्टसीत दुसरीकडे वाचलेलं नाही.

एक सूचना, क्रमाने वाचा. इंग्रजीत 'ब्लड ऑफ एल्व्ज' २००८ ला आलं आणि सिरी जिथे पहिल्यांदा भेटते ते 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' थेट २०१५ ला. कित्येकांनी मधला जिनाच नसताना वरच्या मजल्यावर उडी मारली आणि मग म्हणाले की ही पोरगी कोण, हिचं एवढं काय. आता सगळी मिळतात, तेव्हा आधी दोन कथासंग्रह, मग बाकीची.

जुनासोंगट्या
वय पंचावन्न, १९९८ पासून खेळतोय. इथल्या पोरांना एक माहिती देतो. विचर करणारी सीडी प्रोजेक्ट कंपनी आधी गेम बनवत नव्हती, बाहेरचे गेम पोलंडमध्ये विकायची. त्यांनी बायोवेअर कंपनीचा 'बाल्डर्स गेट' हा आरपीजी पोलिश भाषेत आणला, १९९९ मध्ये, नुसती अक्षरं बदलून नाही तर चांगले नट घेऊन आवाजासकट. आपल्या भाषेत नीट केलं तर लोक विकत घेतात हे त्यांना तिथे कळलं. आणि पुढे २००७ ला पहिला विचर काढला तो सुद्धा बाल्डर्स गेटवाल्या बायोवेअरच्याच इंजिनावर, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा करतात त्यावर. म्हणजे घराणं एकच.

पण माझं मत वेगळं आहे. विचर ३ देखणा आहे, गोष्ट उत्तम आहे, तरी त्याला मी पूर्ण आरपीजी म्हणत नाही. तिथे तुम्ही गेराल्टच असता. तो काय बोलणार हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवलंय, तुम्ही दोनातलं एक निवडता. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये मी कोण हे मी ठरवतो. मी एकदा बुटका चोर झालो, एकदा सगळ्यांशी गोड बोलणारी गायिका झालो. आणि प्रत्येक गोष्टीला वीस बाजूंचा फासा. कुलूप उघडायचं, फासा टाका. राक्षसाला पटवायचं, फासा टाका. एक आला की सगळा बेत धुळीला मिळतो आणि त्यातूनच नवी गोष्ट सुरू होते. ज्याने लहानपणी आजोळी दुपारभर सोंगट्या खेळल्यात त्याला ह्यातली मजा समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक. माझी मुलगी कॅनडात असते. तिची शनिवार सकाळ म्हणजे माझी शनिवार संध्याकाळ, आम्ही दोघं एकत्र खेळतो, चौघांपर्यंत खेळता येतं. फोनवर आमचं बोलणं जेवलीस का, थंडी कितीय, झालं. गेममध्ये बसलो की दोन तास गप्पा. मागच्या महिन्यात तिने मला एका दरीच्या काठावरून वाचवलं आणि म्हणाली बाबा तुम्ही नेहमी न बघता पुढे जाता. हे ती दहावीत होती तेव्हा मी तिला म्हणायचो.

टळटळीत
काका हे वाचून फार बरं वाटलं. तरी भूमिकेबद्दल तुमचं पटत नाही मला. गेराल्ट आधीच ठरलेला आहे म्हणूनच तर निवड जड जाते. मी कोणीही असू शकतो तेव्हा चुकीचं वागलो तरी म्हणतो की हे माझं पात्रच तसं आहे. गेराल्टला मी ओळखतो, तो काय सहन करू शकेल ते मला माहितीये, त्यामुळे त्याच्या हातून भलतं काही झालं की मला लागतं.

विचर ३ मधल्या ब्लडी बॅरनची गोष्ट घ्या. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथून पुढचा प्रतिसाद सोडून द्या, पार स्पॉयलर आहे.

हा बॅरन म्हणजे दारुडा, बायकोला मारणारा. एका रात्री त्या मारहाणीनंतर तिचा गर्भ पडतो, आणि हा ते मूल कसंतरीच, विधी न करता, नाव न ठेवता पुरून टाकतो. ते मूल पिशाच्च होऊन परत येतं. आपल्याला दोन रस्ते असतात, एक तर त्याला मारायचं नाहीतर शाप उतरवायचा. उतरवायचा असेल तर बॅरनने स्वतः ते मूल हातात उचलून घरापर्यंत आणायचं, वाटेत ते चवताळतं, गेराल्ट त्याला शांत करत बरोबर चालतो, आणि मग घराच्या उंबरठ्याशी त्याला पुरायचं आणि नाव ठेवायचं, तू माझी मुलगी म्हणून. मग ते घराचं राखण करणारं होतं.

माझ्या आजीची तीन मुलं बारशाआधी गेली. ती कधी बोलायची नाही त्यावर, फक्त एकदा म्हणाली होती की त्यांना हाक मारायला नाव पण नाही रे. मी तो प्रसंग खेळत होतो तेव्हा आजीला जाऊन वर्ष झालं होतं. तो माणूस वाईट आहे, त्याला माफ करावं असं मला अजून वाटत नाही, पण तो पावसात ते बाळ घेऊन चालत होता तेव्हा मी बटण सुद्धा दाबायचं विसरलो होतो.

पानगळ
हे वाचून गप्पच झाले. माझा भाऊ हे खेळत असताना मी कॉलेजमध्ये असणार, मागून जाताना मला नुसतं ओरडणारं काहीतरी दिसलं होतं आणि मी म्हटलं होतं आवाज कमी कर.

विस्वाकाठ
टळटळीत, इथे पण हा समज होता की नाव न ठेवता गेलेल्या बाळाचं पिशाच्च होतं, त्याला पोरोन्येत्स म्हणतात. गेम करणाऱ्यांनी असलं बरंच काही पदरचं न घालता घेतलंय. पितरांना जेवायला बोलवायची इथली एक जुनी रात्र आहे, 'जादी' म्हणजे वाडवडील, तिच्यावर पण गेममध्ये एक प्रसंग आहे. मी पहिल्या वर्षी इथे नोव्हेंबरच्या एक तारखेला स्मशानात गेले होते, पूर्ण टेकडी पणत्यांसारख्या दिव्यांनी भरलेली, म्हातारी माणसं थडगी पुसत होती. मला सर्वपित्री आठवली आणि घरी फोन केला.

रंकाळा०९
पोलंडचा विषय निघालाय तर कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि मुलं. शाळा, चर्च, सगळं होतं. महावीर गार्डनमध्ये त्याचं स्मारक आहे आणि तिकडे वॉर्सात पण कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. माझी पणजी त्या बाजूचीच, ती सांगायची की त्यांच्या बायका बाजारात येऊन मोडक्यातोडक्या मराठीत भाव करायच्या. मला आता राहून राहून वाटतंय की त्यातली एखादी आजी आपल्या पोरांना त्या दुपारच्या बाईची गोष्ट वळिवड्याच्या उन्हात सांगत असेल काय. आणि शेजारच्या रानात आमची पणजी तिच्या पोरांना तेच सांगत असेल.

संत्राबर्फी
मी नागपूरहून, सेकंड इयर. सगळे इतकं छान लिहून राहिले की मला पण खेळावं वाटते. लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, चालेल का? आणि आपल्याकडच्या भुताखेतांवर, देवादिकांवर कुणी असा गेम केला नाही का?

टळटळीत
१६५० वर आरामात. फक्त एक कर, डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर गेम जड झालाय. स्टीमवर (गेम विकणारी साइट) घेतलास तर सेटिंगमध्ये जुनी आवृत्ती निवडता येते, १.३२, ती घे. आणि सेलची वाट बघ, पूर्ण किमतीला घेऊ नकोस, दोन्ही एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या जोडकथा) मिळतो तोच घे. 'हार्ट्स ऑफ स्टोन' छोटं आहे पण गोष्ट म्हणून मला मूळ गेमपेक्षा सरस वाटलं.

जुनासोंगट्या
आपल्याकडचा गेम विचारलास म्हणून, 'राजी' बघ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० ला काढला. आरपीजी नाही, मारामारी आणि उड्या, पण एक साधी मुलगी भावाला शोधायला निघते आणि दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपल्याला सांगत असतात. मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे केलेत. लहान आहे, काही ठिकाणी कच्चा आहे, तरी भिंतीवरची चित्रं बघत मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

पानगळ
मला वाटतं आपल्याकडे माल प्रचंड आहे पण लिहिणारे त्याला भयकथेतच कोंबतात. हडळ आली, घाबरवलं, संपलं. हडळ कोण होती, तिला काय हवं होतं हे कोण विचारतं? आणि खरं सांगू का, निवड करायला लावणारी गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे! चांदोबात वाचायचो ना, वेताळ राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी कोड्यात पकडतो. दोघांची डोकी अदलाबदल झाली, आता बाईचा नवरा कोण? उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन्हीकडे नुकसानच. मी लहान असताना प्रत्येक वेळी पान उलटायच्या आधी थांबून माझं उत्तर ठरवायचे.

टळटळीत
वेताळाचं काय आठवण काढलीस! आमच्या बाजूला तर तो देव आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा, लोक त्याला मोठमोठ्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड. तो रात्री गावाभोवती फिरतो, राखण करतो, चालून चालून चपला झिजतात. म्हणून मला त्या गेममधल्या दलदलीतल्या तीन बहिणींचं नवल वाटलं नाही. पुण्यातले माझे मित्र म्हणायचे की हे गाववाले मूर्ख आहेत, अशा भयानक म्हाताऱ्यांना का पूजतात. अरे पण त्या राखण करतात! रानात वाट दाखवतात, पीक सांभाळतात, बदल्यात मागतात. ज्याला सरकार कधी दिसलंच नाही अशा गावाने दुसरं कुणाकडे जायचं? आणि त्याच रानात टेकडीखाली झाडाच्या मुळांत एक आत्मा अडकलाय, तो म्हणतो मला सोड, मी त्या तिघींनी धरलेल्या मुलांना वाचवतो.

पानगळ
थांब! पुढचं सांगू नकोस. भावाचा जुना पीसी घरीच आहे आणि मी मंगळवारी गेम घेतलाय. तलवारबाजी मला जमत नाही म्हणून सगळ्यात सोपी पातळी ठेवलीये, ती 'जस्ट द स्टोरी' वाली, त्यामुळे मजेत चाललंय. विहिरीवरची बाई झाली. घोडा अजून झाडाला धडकतो.

जुनासोंगट्या
सोपी पातळी ठेवण्यात काही वावगं नाही. गोष्ट महत्त्वाची. फळ्यावरच्या नोटिसा सगळ्या वाचत जा, घाई करू नको. आणि नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं उघडायच्या नादी लागू नको, विशेषतः स्केलिगे बेटांच्या समुद्रात, तिथे नुसती पोती आणि पिंपं आहेत, मी त्यात दोन आठवडे घालवले.

रंकाळा०९
आणि ग्वेंट खेळा. पत्ते आहेत पत्ते, प्रत्येक खानावळीत कुणीतरी बसलेला असतो. माझी सिरी तिकडे संकटात आणि मी इकडे एका व्यापाऱ्याकडून पान जिंकायला बसलोय असे चार दिवस गेले.

विस्वाकाठ
आणि जमलं तर आवाज पोलिश ठेवून खाली इंग्रजी अक्षरं लावून बघा एकदा तरी. गावातल्या बायका भांडतात ते खरं भांडण वाटतं. जसं मालवणी माणूस पुस्तकी मराठीत ओरडला तर ते ऐकवत नाही ना, तसं.

संत्राबर्फी
सेलमध्ये मिळाला! डाउनलोड चालू आहे, होस्टेलचं वायफाय आहे त्यामुळे उद्या सकाळपर्यंत होईल. 'द लास्ट विश' पण लायब्ररीत विचारलं, त्यांच्याकडे नाही, सीनिअरकडे आहे, तो देऊन राहिला.

पानगळ
त्या झाडापाशी पोचले. टेकडीच्या आत, ते मोठं काळं हृदयासारखं काहीतरी धडधडतंय आणि बोलतंय. ते म्हणतं मुलांना वाचवीन. बाहेर गावातला म्हातारा म्हणतो ते सुटलं तर आमचं कुणी उरणार नाही. दोघंही खोटं बोलतायत असं वाटत नाही मला. पुस्तकात ब्लाव्हिकेनला माझ्या हातात काही नव्हतं, पान उलटलं की जे व्हायचं ते होत होतं, मी फक्त गेराल्टवर चिडू शकत होते. इथे तो माझ्याकडे बघत उभा आहे.

परवा रात्रीपासून गेम तिथेच थांबवून ठेवलाय. आईने दोनदा विचारलं पीसी बंद का करत नाहीस. कुणीही काहीही सांगू नका, मी ठरवते आणि मग येऊन लिहिते.